चौदा शुक्रवार

गेल्या वर्षी जानेवारीपासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत मी शुक्रवारी दुपारी एसटीने रत्नागिरीला जात होते आणि शेजारच्या काकींना 'दातांच्या डॉक्टरकडे जाते' असे सांगत होते. पहिले तीन शुक्रवार हे कारण बिनबोभाट खपले. चौथ्या शुक्रवारी काकींनी गडग्यापलीकडून, कवळी जिभेने सावरत विचारले, "काय गो, अजून दातच चाललेत?" तेव्हा मी घाईघाईने एक दाढ किडली आहे, तिची नस काढायची आहे, मग वर टोपी बसवायची आहे, अशी भर घातली. मधला शिमग्याचा आणि इतर एक-दोन खाडे सोडले तर एकूण चौदा शुक्रवार झाले. तेवढ्यात माझ्या बत्तिशीचा जीर्णोद्धार होऊन गेला असता. प्रत्यक्षात मी मारुती मंदिराच्या परिसरातील एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, एका मानसशास्त्रज्ञ बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसून पन्नास मिनिटे बोलत असे.

खोटे बोलण्याची मला सवय नाही, पण खरे सांगण्याची सोयही नव्हती. राज्यातील चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीला आहे, बाकीची ठाणे, पुणे आणि नागपूरला. त्यामुळे आमच्या बाजूला 'हिला रत्नागिरीला न्यायला हवी' या वाक्याचा एक अर्थ बाजारहाटाचा असतो आणि दुसरा वेगळाच असतो. मी एकवीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले आहे. माझ्याविषयी तो दुसरा अर्थ कोणी, माझ्याच एखाद्या विद्यार्थ्याच्या आईने, मनात आणलेला मला चालणार नव्हता. आज हे सगळे लिहून मोकळी होत आहे, कारण त्यानंतर ओळखीच्या पाच-सहा बायकांनी मला एकटीला गाठून एकच प्रश्न विचारला: तिथे नक्की करतात तरी काय?

माझी हकिगत सासूबाईंपासून सुरू होते. त्यांना स्मृतिभ्रंश झाला होता आणि शेवटची सहा वर्षे त्या माझ्या हातात होत्या. पहिल्या दोन वर्षांत किल्ल्या हरवणे आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारणे एवढेच होते. पुढे त्यांना दिवेलागणीच्या सुमारास माहेरची ओढ लागू लागली. संध्याकाळ झाली की त्या एका जुन्या लुगड्यात दोन पातळे, फणी आणि देवघरातली हळदकुंकवाची डबी घालून गाठोडे बांधत आणि पडवीत येऊन बसत. "मला घरी सोड, आई वाट बघत असेल," असे म्हणत. त्यांची आई जाऊन चाळीस वर्षे झाली होती. मी रोज ते गाठोडे सोडत असे आणि दुसऱ्या दिवशी त्या ते पुन्हा बांधत. आमचे हे मुंबईला नोकरीत, महिन्यातून एकदा येणार; मुलगी पुण्याला. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा सभासमारंभांत कौतुकाने सांगितला जातो, पण त्याचा अर्थ एवढाच आहे की पुरुष पोटासाठी बाहेर गेले आहेत आणि घर, गुरे, कलमे, म्हातारी माणसे यांच्यासह बायका मागे आहेत. चौथ्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

सासूबाई गेल्या तेव्हा मी रडले नाही. तेराव्यापर्यंत माणसांची ये-जा होती, तोवर ते कोणाच्या लक्षात आले नाही. नंतर मलाच त्याचे भय वाटू लागले. दोन महिन्यांनी छातीवर पाटा ठेवल्यासारखे वाटू लागले, पहाटे तीनला जाग येऊ लागली, भात कालवून तसाच राहू लागला. ईसीजी झाला, टूडी एको झाला, ट्रेडमिलवर चालून झाले आणि हृदय उत्तम असल्याचे निदान झाले. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ याही तपासण्या झाल्या. त्या व्हायलाच हव्यात, कारण थायरॉइड मंदावल्याने किंवा रक्त कमी झाल्यानेही माणूस असाच थकतो आणि उदास होतो. एका डॉक्टरांनी माझे वय विचारले, पाळी कधी गेली ते विचारले आणि "या वयात असे होतेच" असे म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या.

आमच्या भाषेत मनाच्या दुखण्याला शब्द कमी आहेत असे जे म्हणतात ते मला मान्य नाही. शब्द भरपूर आहेत, पण ते सगळे शरीराचे आहेत: काळीज धडधडते, पोटात खड्डा पडतो, जीव घाबरा होतो, अंग मोडून येते, डोके भणभणते. बाई डॉक्टरपुढे हेच शब्द ठेवते आणि डॉक्टर शरीराकडे वळतो. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचा अभ्यास केला. त्यात असे दिसले की या तक्रारीचे नाते जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि उदासीनतेशी अधिक घट्ट आहे. हे वाचले तेव्हा मला माझ्या आईची आठवण झाली. 'अंगावरून जाते' हे तिचे आयुष्यभराचे दुखणे होते, त्यावर तिने गावठी औषधांपासून इंजेक्शनांपर्यंत सर्व काही घेतले, आणि 'तुला काय सोसावे लागले' असे तिला एकदाही कोणी विचारले नाही, मीही नाही. याच संशोधकांनी म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात बाळंतिणींची पाहणी केली होती आणि ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के स्त्रियांना नैराश्य असल्याचे त्यांना आढळले. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी झालेली असणे ही त्यामागची ठळक कारणे होती. यांतले एकही कारण रक्ताच्या अहवालात उमटत नाही.

माझा पहिला प्रयत्न फसला, तोही सांगायला हवा. ओळखीतून एका समुपदेशकाचे नाव मिळाले, त्यांच्याकडे मी दोनदा गेले. पहिल्या भेटीत वीस मिनिटांत त्यांनी मला नामस्मरण, पहाटेचे चालणे आणि 'सकारात्मक राहणे' सुचवले. दुसऱ्या भेटीत बोलता बोलता माझ्या नात्यातल्या एका बाईंची, त्यांच्याकडे येऊन गेलेल्या, कहाणी नाव न घेता पण गावासकट सांगितली. गाव कळल्यावर नाव कशाला लागते? मी पैसे ठेवले आणि बाहेर पडले. त्यानंतरचे पाच महिने मी कोणाकडेही गेले नाही. फसलेल्या पहिल्या प्रयत्नाचे खरे नुकसान त्या दोन भेटींच्या पैशांत मोजायचे नसते, या पाच महिन्यांत मोजायचे असते.

तेव्हा पाटी वाचण्याविषयी थोडे लिहिते. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो आणि औषधे तोच लिहून देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी १९९२ च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. 'समुपदेशक' हा शब्द मात्र सैल आहे, मानसशास्त्रात एम. ए. करून पुढे देखरेखीखाली अनुभव घेतलेली व्यक्तीही तो लावते आणि तीन महिन्यांचा वर्ग केलेलीही लावते. म्हणून शिक्षण काय, कोणत्या पद्धतीने काम करता, मी सांगितलेले कोणाला कळेल, हे तीन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावेत. चांगल्या माणसाला त्यांचा राग येत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्याने उपचार घेणाऱ्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. जीव धोक्यात असण्यासारखे मोजके अपवाद आहेत, आणि ते आधीच स्पष्ट सांगायचे असतात. दुसऱ्या खेपेला ज्या बाई मला मिळाल्या त्यांनी माझे नाव लिहून घेण्यापूर्वी हे सांगितले, आणि शेवटी म्हणाल्या, "आपण रस्त्यात भेटलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही हसलात तर मी हसेन." लहान गावात राहणाऱ्या बाईला या एका वाक्याचे मोल काय असते ते शहरातल्या माणसाला सांगून कळणार नाही.

आता तिथे काय करतात ते. खोली लहान होती. दोन खुर्च्या समोरासमोर नव्हत्या, थोड्या तिरक्या ठेवल्या होत्या, म्हणजे नजर हटवायची तर खिडकीकडे बघता येत होते. तिपाईवर स्टीलच्या पेल्यात पाणी होते आणि शेजारी कागदी रुमालांचा डबा. मी शेवटपर्यंत पदरच वापरला. घड्याळ माझ्या पाठीमागच्या भिंतीवर होते, ते त्यांना दिसावे आणि मला दिसू नये म्हणून. पण समोरच्या कपाटाच्या काचेत मला त्याचे प्रतिबिंब दिसत असे आणि उलट्या घड्याळात वेळ वाचायला मी तिथे शिकले. पहिल्या भेटीत त्यांनी घरातली माणसे, झोप, भूक, आधीचे आजार, जगणे नकोसे वाटते का, हे सगळे विचारले. शेवटचा प्रश्न त्यांनी जेवण झाले का विचारावे इतक्या सरळ आवाजात विचारला, म्हणून मीही सरळ उत्तर देऊ शकले.

तिसऱ्या भेटीपर्यंत माझा हिरमोड झाला होता. मला सल्ला हवा होता आणि त्या तो देत नव्हत्या. मी काही सांगितले की त्या त्यातलाच एखादा शब्द उचलून माझ्यापुढे ठेवत. "'जमवून घेतले' असे तुम्ही आज चार वेळा म्हणालात," असे त्या एकदा म्हणाल्या आणि गप्प बसल्या. परतीच्या गाडीत, भाट्याच्या पुलावर, मी मनातल्या मनात चरफडत होते की दर खेपेला आठशे रुपये मोजून मी माझेच बोलणे ऐकून येते. माझे स्वतःचे बोलणे ऐकणारे आजवर कोणी नव्हते, मी सुद्धा नव्हते, हे ध्यानात यायला आणखी दोन शुक्रवार जावे लागले.

या बोलण्याच्या उपचाराला नाव कोणी दिले ते मला पुढे वाचनात सापडले आणि फार आनंद झाला. ते डॉक्टरने दिलेले नाही, एका बाईने दिलेले आहे. व्हिएन्नातल्या बेर्टा पापेनहाइम या तरुणीला १८८० मध्ये, आजारी वडिलांची रात्रंदिवस शुश्रूषा करत असताना, खोकला, हातपाय लुळे पडणे, दिसण्याचा त्रास, स्वतःची जर्मन भाषाच बोलता न येणे अशी दुखणी सुरू झाली. योझेफ ब्रॉयर हे डॉक्टर तिचे बोलणे तासन् तास ऐकत असत. त्या दिवसांत ती इंग्रजीतच बोले, आणि या प्रकाराला तिने 'बोलण्याचा इलाज' असे नाव दिले. चेष्टेत ती त्याला 'धुराडे झाडणे' असेही म्हणे. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या पुस्तकात ती 'आना ओ.' या टोपणनावाने आली. तेवढ्याने ती बरी झाली असे नाही, पुढे तिला इस्पितळात राहावे लागले. पण नंतर हीच बाई समाजकार्यात उतरली आणि १९०४ मध्ये तिने जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना उभारली. मला तिचे धुराडे फार जवळचे वाटले. आमच्या जुन्या घरात चुलीवरच्या माळ्याला वर्षानुवर्षांचे काजळ धरलेले असे आणि ते झाडायच्या दिवशी सगळे घर आधी काळे होत असे.

सहाव्या भेटीत माझे घर असेच काळे झाले. श्रावणातली रात्र होती, वीज गेलेली, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि सासूबाई त्या रात्रीत चौथ्यांदा मागच्या दाराची कडी काढत होत्या. मी त्यांना दंडाला धरून ओढले आणि म्हणाले, "एकदाच्या सुटा आणि मलाही सोडवा." सकाळी त्यांच्या दंडावर वळ होता. एकोणिसाव्या दिवशी त्या गेल्या. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला, अन्न श्वासनलिकेत जाऊन झालेला. त्या गेल्या त्या क्षणी मला पहिली जी भावना झाली ती सुटकेची होती. हे मी कोणालाच सांगितले नव्हते, ह्यांनाही नाही, कारण ते त्यांचे चिरंजीव होते. बहिणीला नाही, कारण तिने 'असू दे गो, होते असे' म्हटले असते आणि विषय मिटवला असता.

बाईंनी 'असू दे' म्हटले नाही. त्या बराच वेळ थांबल्या आणि मग त्यांनी एकामागून एक साधे प्रश्न विचारले. तेव्हा किती वाजले होते? त्याआधी तुम्ही किती वेळा उठला होतात? सलग चार तास झोप शेवटची कधी मिळाली होती? त्या घरात दुसरे कोण होते? मी आठवून उत्तरे देत गेले. पावणेतीन. तीन वेळा. गणपतीला झोपले होते, म्हणजे आदल्या वर्षीच्या. कोणी नव्हते. हे शेवटचे उत्तर देताना माझा आवाज फुटला आणि तेराव्यापासून अडलेले सगळे तिथे, त्या तिरक्या खुर्चीत बाहेर आले. कपाटाच्या काचेतले घड्याळ संपल्याची वेळ दाखवत होते, तरी त्यांनी मला सावरून बसेपर्यंत उठवले नाही. एरवी त्या वेळेच्या पक्क्या होत्या.

त्यापुढे वहीचे काम सुरू झाले. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियातील आरन बेक यांनी नैराश्याच्या रुग्णांच्या मनात आपोआप उमटणारे विचार पकडून तपासण्याची जी रीत बसवली, तिचे हे घरगुती रूप. त्याआधी, १९५५ च्या सुमारास, न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी 'असे व्हायलाच हवे होते' या हट्टाच्या विचारांवर बोट ठेवले होते. त्यांची पद्धत मराठीत 'विवेकनिष्ठ' या नावाने रुजली ती कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे, आणि १९९० मध्ये ठाण्यात सुरू झालेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' या संस्थेनेही ती लोकांपर्यंत नेली. मला एवढा इतिहास तेव्हा ठाऊक नव्हता. मला फक्त दोनशे पानी वही आणि आडवे कप्पे आखून मिळाले.

त्यातली एक नोंद इथे उतरवते. प्रसंग: सोमवारी अडगळ काढताना त्यांची काठी हाती आली. मनात आलेला विचार: 'मी त्यांना मारले.' भावना: अपराधीपणा, शंभरपैकी पंचाण्णव. विचाराच्या बाजूचा पुरावा: दंड ओढला, वळ उठला, नको ते बोलले. विरुद्ध बाजूचा पुरावा: मृत्यू न्यूमोनियाने झाला; सकाळी वळावर मीच तेल लावले आणि तेव्हा त्या माझ्या गालावरून हात फिरवत होत्या; सहा वर्षांत हात ओढण्याचा प्रसंग हा एकच. दोन्ही पाहून मनाला पटणारा विचार: 'त्या रात्री मी त्यांच्याशी वाईट वागले. सहा वर्षे मी त्यांना सांभाळले. दोन्ही खरे आहे.' आता अपराधीपणा किती? सत्तर. पंचाण्णवाचे सत्तरच झाले म्हणून मी ओशाळून वही पुढे केली, तर त्या म्हणाल्या, "शून्य लिहिले असते तर मी विश्वास ठेवला नसता."

दुसरा गृहपाठ अधिक साधा होता आणि मला तो अधिक जड गेला. आठवड्यातून दोनदा समुद्रावर जायचे, कामासाठी नव्हे. समुद्र आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि तीन वर्षांत मी वाळूवर पाय ठेवला नव्हता. पहिल्या दिवशी मी पिशवी घेऊन गेले, कोणी विचारले तर मासळीला आले आहे असे सांगता यावे म्हणून. मन उल्हसित झाल्यावर माणूस बाहेर पडतो असे आपण धरून चालतो. इथे उलटे सांगतात, की आधी बाहेर पडा, मन मागाहून येईल. येते, पण बरेच मागाहून.

हीच साधी रीत गोव्यात मोठ्या प्रमाणावर पारखली गेली आहे, आणि मला ते काम या सगळ्या विषयातले सर्वांत आशादायक वाटते. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या त्या अभ्यासात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्ण होते, सगळे बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. त्यांच्याशी बोलणारी माणसे तज्ज्ञ नव्हती; मानसोपचाराची कसलीही पार्श्वभूमी नसलेली, पण त्यासाठी शिकवून तयार केलेली, तिथल्याच बोलीत बोलणारी माणसे होती. सहा ते आठ भेटी होत. तीन महिन्यांनंतर या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले होते. नेहमीचेच उपचार, थोडी सुधारणा करून, मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. आपल्या किनाऱ्यावर तज्ज्ञ कमी आहेत हे खरेच आहे, पण 'तज्ज्ञ नाहीत म्हणून काही होणे नाही' हे रडगाणे या आकड्यांपुढे टिकत नाही.

"आमच्याकडे देव आहे, त्याला गाऱ्हाणे घालतो, वेगळी बाई कशाला?" असे मला एका मैत्रिणीने विचारले. गाऱ्हाण्याची ताकद मी कमी लेखत नाही. शिमग्यात पालखी दारात येते, गुरव किंवा गावकर घरातल्या प्रत्येकाचे दुःख देवापुढे मांडतो, जमलेले लोक 'होय महाराजा' म्हणतात, आणि आपल्या संकटाला सगळ्या गावाने हुंकार भरला हे ऐकून छाती हलकी होते. मी ते अनुभवले आहे. मात्र गाऱ्हाणे घालणारा पुरुष असतो, त्याला माहिती देणारा घरातला पुरुष असतो, आणि बाई मागे ओटीचे तबक धरून उभी असते. तिचे जे काही आहे ते 'ह्या लेकराच्या जिवाला बरे नाही' एवढ्या एका वाक्यात बसवले जाते. सासूचा दंड ओढल्याची गोष्ट त्या वाक्यात बसत नाही. जात्यावर बसणाऱ्या बायका ओवीतून सगळे सांगत, अगदी सासूविषयीसुद्धा, कारण पहाटेच्या अंधारात जात्याशिवाय ऐकणारे कोणी नसे. ते जातेही आता अंगणात तुळशीच्या बाजूला शोभेला ठेवले आहे.

एका बाबतीत मला स्पष्ट लिहायचे आहे. नवरा मारहाण करतो म्हणून खचलेल्या बाईला 'मनाने खंबीर व्हा' हे शिकवणे म्हणजे बोलण्याचा उपचार नव्हे. ती दुसऱ्याने केलेल्या गुन्ह्याची तिच्याकडून करून घेतलेली तडजोड आहे. तिथे आधी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा, संरक्षण अधिकारी आणि १८१ हा महिलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक, आणि मग, किंवा बरोबरीने, खोलीतले बोलणे. जो समुपदेशक हा क्रम सांगत नाही त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. तसेच काही दुखण्यांत नुसते बोलणे पुरत नाही. कानात आवाज येऊ लागले, दिवसचे दिवस झोपेची गरजच वाटेनाशी झाली, किंवा मरणाचे विचार पाठ सोडेनात, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जावे आणि औषध घ्यावे लागले तर घ्यावे. मला लागले नाही, यात माझी काही बहादुरी नाही.

ज्यांना रत्नागिरी, चिपळूण किंवा कुडाळ गाठणे शक्य नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिथे चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. ऑनलाइन भेटीही होतात, पण आमच्याकडे पावसाळ्यात रेंज जाते, आणि रेंज असली तरी घरात दार लावून बोलण्याजोगी खोली किती जणींना असते? माझ्या ओळखीची एक लेकुरवाळी काजूच्या बागेत, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभी राहून दर मंगळवारी तिच्या बाईंशी बोलते. घरच्यांना वाटते ती शिंपणे करते.

चौदाव्या शुक्रवारी आम्ही बोलणे थांबवले. ते अचानक थांबले नाही. अकराव्यापासूनच त्या 'आता किती दिवसांनी भेटायचे' असे मला विचारू लागल्या होत्या आणि निर्णय माझ्यावर सोपवत होत्या. छातीवरचा पाटा अजूनही कधीतरी येतो, विशेषतः दिवेलागणीला, पण आता तो आला की मी पडवीत जाऊन बसते आणि त्याला बसू देते. गाठोड्याचे जुने लुगडे मी धुऊन ठेवले आहे.

मे महिन्यात गच्चीवर आमसुले वाळत घालत होते, तेव्हा काकी जिना चढून वर आल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या एरवी पायरीसुद्धा चढत नाहीत. त्यांचे यजमान जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झाले होते. त्यांनी सुपातली चार-दोन आमसुले उगाच उलटसुलट केली, खाली अंगणात कोणी आहे का ते पाहिले, आणि कवळी जिभेने नीट बसवत म्हणाल्या, "तुझ्या त्या दातांच्या बाईचा नंबर दे गो. माझी पण एक दाढ ठणकते."

मी हात पुसले आणि नंबर लिहून दिला. साडेतीनची वेळ मागून घ्या, म्हणजे परतीची गाडी मिळते, असेही सांगितले.